अठराचा आकडा

बायको: परत दाब.

नवरा: दाबलं. दाबून दाबून बटण आत जाईल आता.

बायको: आणि?

नवरा: आणि तेच. पंखा गुरगुरतो, थांबतो, परत गुरगुरतो. स्क्रीन ठार काळी.

बायको: सकाळी मी बाहेर पडले तेव्हा मशीन चालू होतं. आले तर हे असं. मधे घरात कोण होतं?

नवरा: मी होतो. म्हणून काय मीच केलं? लाईट गेली असेल मधे.

बायको: लाईट गेली आणि ओव्हनच्या घड्याळाला कळलं नाही? ते तर जरा कुठे खुट्ट झालं की शून्यावर येतं. बघ, बरोबर वेळ दाखवतंय.

नवरा: तू चुकून चित्रं काढायला लागलीस. पोलिसात जायला हवं होतंस.

बायको: मला संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांचा नवा दवाखाना दाखवायचाय. भिंती, खुर्च्या, कपाटं, रंगासकट. चारपैकी तीन खोल्यांची चित्रं कॉम्प्युटरवर शिजून तयार आहेत, चौथी शिजायला टाकायची होती, आणि सगळं या खोक्यात अडकलंय. माझं स्वतःचं पहिलं काम आहे हे. हातचं गेलं तर परत त्या फर्निचरवाल्याकडे कपाटांची दारं मोजत बसेन. सरक. दादाला फोन लावते.

नवरा: लाव. म्हटलं अजून दादा कसा आला नाही.

बायको: झालं तुझं सुरू.

नवरा: नाही, लाव ना. नळ गळला, दादा. कडी अडकली, दादा. मला ताप आला तर डॉक्टर कुठला गाठायचा, तेही आधी दादालाच विचारलंस. अगं, तुझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, माणसं नाही.

बायको: त्याने सांगितलेला डॉक्टर चांगला निघाला की.

नवरा: तेच तर. दर वेळी त्याचं चांगलंच निघतं. एकदा तरी चुकेल माणूस, तर नाही.

बायको: पोटात दुखतं तुझ्या, दुसरं काही नाही. गप्प बस, रिंग जातेय. हां, दादा, मी बोलतेय. स्पीकरवर आहेस.

दादा: बोल, ठमे. आवाज का गं असा?

बायको: मशीन सुरूच होत नाहीये. आणि त्या डॉक्टरीणबाई आजच येणार आहेत.

दादा: बरं. घाबरू नकोस. जावईबापू घरी आहेत का?

नवरा: आहे ना. स्वतःच्याच घरात आहे.

दादा: छान. तुमचे हात लागणार आहेत. एकदा बटण दाबा, आणि काय होतंय ते सांगू नका. फोन नुसता मशीनजवळ धरा, मी ऐकतो.

नवरा: धरला.

दादा: हं. उठतो, बसतो. परत उठतो. बीप एकही नाही. कुणी काही बदललं का त्यात?

नवरा: कोण बदलणार?

दादा: हे आपोआप होत नाही, बरं का. प्रोसेसरला झेपणार नाही एवढा वेग दिला की तो असं करतो. जावईबापू, आकडा किती टाकलात?

बायको: कसला आकडा?

दादा: वेगाचा. त्यांना माहितीय.

बायको: बोल ना. तो काय विचारतोय?

नवरा: सेहेचाळीस.

दादा: अरे बापरे.

बायको: म्हणजे तू हात घातलास. आणि मघापासून मला लाईट सांगतोयस.

नवरा: वेग वाढवत होतो. तुझ्याचसाठी. व्हिडिओत एका पोरट्याने सेहेचाळीस टाकले आणि त्याचं मशीन भुर्रकन पळालं.

दादा: त्याचं मशीन वेगळं, जावईबापू. पंखेही वेगळे.

बायको: मी कधी म्हटलं होतं तुला, वेग वाढव म्हणून?

नवरा: मला नाहीच म्हटलंस. त्याला म्हटलंस. दर रविवारी म्हणतेस. मी तिथेच वाटाणे सोलत बसलेला असतो. ‘दादा, एक खोली शिजायला अख्खी दुपार जाते रे.’ की तिकडून, ‘बघू हं, ठमे.’ मग त्यावरून सुरू होता, ते पार तुमच्या शाळेतल्या बाईंपर्यंत जाता. माझे वाटाणे संपतात, तुमचं बोलणं संपत नाही.

बायको: त्याचा इथे काय संबंध?

नवरा: आहे. गेल्या रविवारी काय ठरलं, तेही ऐकलंय मी. उद्या हे येणार, मशीन उचलून नेणार, आठवडाभर तिकडे ठेवणार, आणि काम अडायला नको म्हणून तूही तिकडेच राहणार. मला एका शब्दाने कुणी विचारलं? मशीन गाडीत आणि मागोमाग तू. म्हटलं, ते यायच्या आत मीच पळवून दाखवतो. मग न्यायला कारणच उरणार नाही.

बायको: आणि म्हणून माझं काम बुडवलंस.

नवरा: बुडवायचं नव्हतं गं.

दादा: ठमे, ऐक. काम कुठे जात नाही. चित्रं डिस्कवर आहेत आणि डिस्कला कुणी हात लावलेला नाही. मशीनला फक्त तो सेहेचाळीसचा आकडा विसरायला लावायचा. भांडण नंतर करा.

नवरा: म्हणजे भांडायची वेळही आता तिकडून ठरणार.

बायको: तू स्क्रूड्रायव्हर आण आधी.

दादा: पिन भिंतीतून काढा. काढलीत? आता चालू करायचं बटण दाबून धरा जरा.

नवरा: वीजच काढली, मग बटण कशाला दाबू?

दादा: आत थोडी शिल्लक राहते. ती जाऊ दे. तुम्ही रोज नवशिक्यांना गाडी शिकवता ना, आज तुमच्या बाजूच्या सीटवर मी बसलोय असं समजा.

नवरा: बाजूच्या सीटखाली वेगळा ब्रेक असतो, दादा. तिथे मी बसतो, म्हणून मला माहितीय. चाक धरणाऱ्याला उगाच वाटतं की गाडी तो चालवतोय.

बायको: स्क्रू काढ. गप्पा कमी.

नवरा: निघाला. झाकण सरकतंय. थांब, हे काय?

बायको: काय झालं? तुटलं काही?

नवरा: फिती आहेत. निळ्या. सगळ्या वायरी फितींनी बांधल्यात.

बायको: बघू. अय्या, या माझ्या शाळेतल्या. दादा, तू ठेवल्या होत्यास?

दादा: मशीन जोडलं त्या दिवशी वायरी बांधायचे पट्टे संपले होते. हाताला लागलं ते वापरलं.

नवरा: हाताला लागलं म्हणे. लिफ्टवाल्याच्या हाताला शाळेच्या फिती लागतात. आणि फुलं बघ कशी चापूनचोपून बांधलीत. लग्न झाल्यापासून हे खोकं माझ्या घरात आहे, माझ्या टेबलावर, माझ्या विजेवर. आणि आत यांची शाळा भरलीय.

बायको: फितीवर जळतोस तू?

नवरा: हो, जळतो. लपवू कशाला? तुझ्या वेण्या मी पाहिल्याच नाहीत कधी. मला भेटलीस तेव्हा केस कापलेले होते.

बायको: फोटो आहेत की.

नवरा: तेही यांनीच काढलेत.

बायको: बेल वाजली. दादा, त्याच असणार. संध्याकाळी येते म्हणाल्या होत्या आणि आत्ताच उगवल्या. काय दाखवू मी त्यांना, हे उघडं खोकं?

दादा: लाकडाचे आणि रंगांचे नमुने आहेत ना तुझ्याकडे? ते पुढ्यात ठेव, चहा दे. माणसाने हात लावून बघितलं की तो रमतो.

बायको: आणि तोवर हे सुरू झालं नाही तर?

नवरा: होईल.

बायको: मी दादाला विचारतेय.

दादा: होईल, ठमे.

बायको: मग ठीक आहे. जाते मी.

(ती दार ओढून घेते आणि बाहेरच्या खोलीत जाते.)

नवरा: पाहिलंत? माझ्या ‘होईल’ची किंमत शून्य. तुमचं ‘होईल’ ऐकून निघाली.

दादा: हातातलं काम करू या, जावईबापू. आडवं मोठं कार्ड दिसतंय? त्याच्या पोटाखाली नाण्याएवढा चपटा सेल आहे. तो काढायचाय. कार्ड आधी बाहेर घ्यावं लागेल.

नवरा: त्याच्या वायरीवर फीत आहे.

दादा: सोडा.

नवरा: गाठ घट्ट आहे.

दादा: ओढू नका. एक टोक लांब असेल, तेच धरा. ते धरलं की फूल आपोआप सुटतं.

नवरा: सुटलं. तिच्या वेण्याही तुम्हीच घालायचात का?

दादा: आई कामावर लवकर जायची. मग कोण घालणार? आता कार्डाच्या टोकाला खटका आहे तो दाबा, आणि सरळ वर उचला. तिरकं नको.

नवरा: आलं. सेल दिसला. नखाने उचलू?

दादा: उचला. आणि आता थांबायचं.

नवरा: किती?

दादा: चहा पिण्याइतकं. घाई केली तर विसरत नाही तो. मघाशी म्हणालात, रविवारी तुम्ही तिथेच बसलेले असता?

नवरा: तिथेच. समोरच्या खुर्चीत.

दादा: मला वाटायचं, ती एकटी असते.

नवरा: आता कळलं ना, नाही असत.

दादा: झाला तेवढा वेळ. बसवा सेल परत. सपाट बाजू वर. मग कार्ड, मग वायर. फीतही बांधा, नाहीतर वायर पंख्यात जाईल.

नवरा: मी साधी गाठ मारणार. फुलंबिलं जमत नाहीत मला.

दादा: चालेल. पिन लावा, बटण दाबा, आणि फोन जवळ धरा.

नवरा: गुरगुरतोय. थांबेल आता.

दादा: नाही थांबणार. ऐका.

नवरा: बीप झालं. स्क्रीन आली. आली हो! काहीतरी लिहिलंय, सगळं पुसलं गेलं, सेटिंगमध्ये जा म्हणतोय. आणि तारीख बघा, आमच्या लग्नाच्या आधीची दाखवतोय.

दादा: ती आधी बदला. नाहीतर मशीनच्या लेखी तुम्ही अजून तिला भेटलेलेच नाही.

नवरा: ते तुम्हाला चाललं असतं. बदलली. पुढे?

दादा: कंपनीचंच सेटिंग ठेवायचं का, असं विचारेल, त्याला हो म्हणा. मग बाहेर पडा. झालं.

नवरा: हो म्हटलं. थांबा.

दादा: काय झालं?

नवरा: वेगाच्या ओळीत छत्तीस दिसतंय.

दादा: बरोबर आहे. बाहेर पडा आता.

नवरा: सकाळी मी हात लावायच्या आधी तिथे अठरा होतं.

दादा: नीट बघितलं नसेल तुम्ही.

नवरा: आकडे मी विसरत नाही, दादा. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर आजही सांगेन. अठरा होतं. मला वाटलं आपलं मशीन जुनं, त्याची कुवतच तेवढी. कंपनीने छत्तीस दिलं होतं, तर अठरा कुणी केलं?

दादा: उन्हाळ्यात तापायचं ते.

नवरा: बरं. आणि उन्हाळा संपल्यावर?

दादा: राहून गेलं असेल.

नवरा: शाळेच्या बसला वेगाचं कुलूप असतं. पाय कितीही दाबा, गाडी त्यापुढे जात नाही. ज्याला माहीत नसतं तो म्हणतो, गाडी म्हातारी झाली. दर रविवारी तीही हेच म्हणते.

दादा: हळू बोला.

नवरा: दार लावलंय.

दादा: तरी हळू बोला, जावईबापू.

नवरा: म्हणजे तुम्हीच.

दादा: पहिल्या उन्हाळ्यात खरंच तापायचं. म्हणून कमी केलं. मग तिचे फोन यायला लागले, दादा हळू चालतं रे. मशीनचं दोन मिनिटांत आटपायचं, मग इतर बोलायची. सगळं सांगायची, शेजारीण काय म्हणाली, काय शिवायला टाकलंय. आधी मनात यायचं, पुढच्या खेपेला गेलो की वाढवून देऊ. मग वाटलं, मशीन पळायला लागल्यावर ही कशाला फोन करेल?

नवरा: सख्खी बहीण आहे. तरीही केला असता.

दादा: केला असता. वाढदिवसाला, कुणी आजारी पडलं तर. कशी आहेस, बरी आहे, ठेवते. तुमच्याकडे ती रोज असते. चिडली तर तुमच्यावर, हसली तर तुमच्यासमोर. मघाशी तुमच्यावर ओरडली ना, त्याचाही मला हेवा वाटला. माझ्यावर ती ओरडत नाही आता. पाहुण्यासारखं गोड बोलते. माझ्या वाट्याला आली ती मशीनची तक्रार. म्हटलं, तेवढी तरी राहू दे.

नवरा: आणि मी इकडे तुमच्या नावाने बोटं मोडतोय. माहीत होतं तुम्हाला?

दादा: होतं. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं मला.

नवरा: बरं वाटायचं?

दादा: कुणीतरी माझ्यावर जळण्यासारखं माझ्याकडे अजून काहीतरी आहे, असं वाटायचं.

नवरा: आणि उद्या मशीन न्यायचं होतं, ते?

दादा: ती आली असती, तर आठवडाभर माझ्या घरात दिवे लवकर लागले असते.

नवरा: म्हणजे माझा संशय खरा होता.

दादा: होता. पण ही एवढी लबाडी सोडली तर तिच्या कामात मी कधी मोडता घातला नाही. आता तिला सांगायचं की नाही, ते तुमच्या हातात आहे.

नवरा: कित्येक वर्षं वाट बघतोय मी, तुमचं काहीतरी एक वाकडं सापडायची.

दादा: मग सापडलं.

नवरा: परत अठरा करून ठेवू?

दादा: नको. छत्तीसच राहू दे. तिचं काम आहे ते. सेव्ह करा आणि बाहेर पडा.

नवरा: केलं. उघडलं मशीन. दवाखाना दिसतोय. चौथी खोली शिजायला टाकायची, ती कशी?

दादा: उजव्या कोपऱ्यात नारिंगी बटण आहे. मी फोन ठेवू का?

नवरा: नका ठेवू. आली ती.

बायको: झालं का रे? त्यांना ते अक्रोडाचं लाकूड फार आवडलंय, मघापासून हातातून सोडत नाहीयेत. पण आता खोल्या बघायच्या म्हणतायत. अरे, चालू झालं!

नवरा: झालं. तीन खोल्या आहेत, चौथी शिजतेय.

बायको: चौथी टाकलीस पण? किती झालीय, बघू. एवढी? एवढ्या वेळात तर माझी जमीनसुद्धा रंगत नाही. काय केलंत तुम्ही?

दादा: मी नाही गं. जावईबापूंनी केलं.

बायको: तू? खरंच?

नवरा: मी नुसता सेल काढला आणि सेल बसवला.

बायको: तेवढ्याने एवढं पळायला लागलं? दादा, तू काहीतरी सांगितलं असशील.

दादा: नाही, ठमे. हात त्यांचे होते.

बायको: मग शाबास तुझी. सेहेचाळीसचा हिशेब नंतर करू आपण, तो माफ नाही. पण आज वाचवलंस. दादा, आता मशीन न्यायचा प्रश्नच मिटला. उद्या उगाच धडपडत येऊ नकोस, वाचला तुझा रविवार.

दादा: हो. बरं झालं. वाचला.

बायको: आणि आता दर वेळी रडगाणंही ऐकायला नको तुला. मी सुटले आणि तूही सुटलास. चल, त्यांना आत बोलावते.

नवरा: थांब जरा. पंखा आवाज करतोय.

बायको: कुठे?

नवरा: मधूनच करतो. घरघर.

दादा: पंख्याला काही नाही, जावईबापू. मी ऐकतोय ना, स्वच्छ फिरतोय.

नवरा: तुम्हाला फोनवरून काय कळणार? इथे येऊन ऐका. उद्या सकाळीच या, जेवायला इथेच थांबा. मशीन या टेबलावरून हलणार नाही आणि तुमची बहीणही या घरातून हलणार नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो. यायचं तर तुम्ही यायचं. आणि असला आवाज एका रविवारात जात नसतो, पुढच्या रविवारचंही धरून ठेवा.

दादा: बरं.

नवरा: येताना ते फोटोही आणा. वेण्यांचे.

दादा: आणतो.

बायको: अरे पण कसला आवाज? मी इथे कान लावून उभी आहे. मला काहीच ऐकू येत नाहीये.

नवरा: मला येतोय.